कायदा टायपिंग करतोय...

तंत्रज्ञान पुढे आणि कायदा मागे, असं आपण कट्ट्यावर सहज बोलून जातो. पण कायदा मागे राहिला की कुणाचं काय होतं? आणि तोच घाईघाईत आला तर? एका मैत्रिणीसोबत पोलीस स्टेशनची पायरी चढल्यावर उलगडत गेलेली ही गोष्ट.

‘जागी आहेस?’

रात्री साडेअकराला असा मेसेज आला की आपण काय समजतो? एक तर ब्रेकअप, नाहीतर उद्याचं सबमिशन. मीही तेच समजले. ‘बोल ना,’ म्हटलं. तिकडून नुसता एक स्क्रीनशॉट आला. मग बराच वेळ ‘टायपिंग...’ दिसत राहिलं. टायपिंग थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मेसेज काही येईना.

फोटोत चेहरा तिचा होता. ट्रॅडिशनल डेला नऊवारीत काढलेल्या फोटोतला. तीच चंद्रकोर, तीच नथ. गळ्याखालचं सगळं मात्र दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका अनोळखी अकाउंटने तो फोटो टाकून तिच्या वर्गातल्या दहा-बाराजणांना टॅग केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पोलीस स्टेशनला गेलो. गावाचं, स्टेशनचं नाव सांगत नाही, मैत्रिणीचंही नाही. टेबलामागच्या हवालदारांनी फोन हातात घेतला, फोटो पाहिला आणि पटकन उलटा ठेवला. माणूस चांगला होता. दोघींना आधी पाणी दिलं. मग विचारलं, ‘‘बाळा, हा फोटो तुझाच आहे ना?’’

‘‘नाही ना काका, माझा नाहीये. तेच तर सांगतेय.’’

‘‘मग तुझा नाही तर तक्रार कसली लिहायची?’’

तेव्हा मला राग आला होता. आता महिनोन् महिने कायद्याची पुस्तकं, निकाल आणि नियम वाचल्यावर वाटतं, त्या काकांनी नकळत अख्ख्या विषयाचं सार सांगितलं होतं. कायद्यालाही नेमका हाच प्रश्न पडलाय.

कोणतं कलम लावू?

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, म्हणजे आयटी अ‍ॅक्ट, २००० सालचा. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठा. तो आला तेव्हा देशात ऑर्कुट नव्हतं, फेसबुक नव्हतं, फोनला धड कॅमेरा नव्हता. ई-कॉमर्स आणि ई-मेलला कायदेशीर मान्यता देणं, हा त्याचा मुख्य हेतू. पुढे २००८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि आज आपण ज्यांना सायबर गुन्हे म्हणतो त्यातली बरीच कलमं तेव्हा आली.

आता माझ्या मैत्रिणीची केस या कलमांत बसवून बघा. कलम ६६-ई आहे खासगीपणाच्या भंगाचं. एखाद्याच्या खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढला किंवा पसरवला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण फोटोतलं शरीर तिचं नाहीच! ६६-सी आणि ६६-डी आहेत दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आणि तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. त्यांचा मूळ रोख पासवर्ड, डिजिटल सही, आर्थिक फसवणूक असल्या गोष्टींवर. उरतात ६७ आणि ६७-ए, अश्लील मजकूर ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची कलमं. ती लागू होतात, आणि पोलीस बहुतेक वेळा तीच लावतात.

पण जरा थांबून विचार करा. ‘हा फोटो अश्लील आहे का?’ एवढाच अश्लीलतेच्या कलमाचा प्रश्न असतो. ‘या मुलीला कुणी विचारलं होतं का?’ हे ते कलम विचारतच नाही. उद्या कुणी एआय वापरून तिचे कपडे तसेच ठेवले आणि तिला दारूच्या पार्टीत नाचताना दाखवलं, तर अश्लीलता कुठे आहे? घरी मात्र तोच दंगा होईल, तीच बदनामी होईल आणि कदाचित शिक्षणही बंद होईल.

आणखी एक अडचण मला माहीत नव्हती. आयटी अ‍ॅक्टच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. म्हणून छोट्या स्टेशनला गेलं की ‘सायबरकडे जा’ हे वाक्य ऐकू येतं. आम्हीही ते ऐकलं.

असं काही झालं की आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘यावर एक कडक कायदा करा ना लगेच!’ मीही त्या दिवशी रिक्षात हेच म्हणत होते. पण लगेच केलेल्या कडक कायद्याचं काय होतं, हे आपल्याच राज्यात घडून गेलंय.

घाईत आलेला कायदा

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. बाळासाहेब ठाकरे यांचं आदल्या दिवशी निधन झालेलं, मुंबई बंद. पालघरमधल्या २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. शहर असं बंद का असावं, असा त्यांचा सूर. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दुसऱ्या दिवशी दोघींना अटक! पोस्ट लिहिणारीला झाली आणि लाइक करणारीलाही झाली. लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली, ते वेगळंच.

मी तेव्हा शाळेत होते. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती आणि माझ्या मोठ्या बहिणीला तिच्या सगळ्या पोस्ट डिलीट करायला लावल्या होत्या, एवढं आठवतं.

दोघींना लावलेल्या कलमांतलं एक होतं आयटी अ‍ॅक्टचं ६६-ए. २६/११ च्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने फारशी चर्चा न करता जी दुरुस्ती मंजूर केली, त्यातूनच ते आलं. ऑनलाइन मेसेज ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असेल किंवा खोटी माहिती मुद्दाम पाठवून कुणाला त्रास, गैरसोय होत असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद. आता मला सांगा, ‘त्रास’ म्हणजे किती? ‘गैरसोय’ कुणाची? आपल्या वर्गाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या गुड मॉर्निंगने मला त्रास होतो. लावायचं का ६६-ए?

हे शब्द आले कुठून, हे मला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचताना कळलं, आणि मी चाटच पडले. न्यायालयाने या कलमाचं मूळ शोधत शोधत ब्रिटनच्या १९३५ सालच्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्यापर्यंत नेलं. टेलिफोनवरून कुणाला घाणेरडं, धमकीचं बोलू नये म्हणून केलेली ती तरतूद. फोन कसा असतो? एक बोलणारा, एक ऐकणारा. ऐकणाऱ्याची सुटका नाही, म्हणून त्याला संरक्षण. तेच शब्द उचलून आपण इंटरनेटला चिकटवले. तिथे तर एकजण बोलतो, लाखोजण वाचतात, आणि ज्याला नको तो स्क्रोल करून पुढे जातो. दोन्हींचा स्वभावच वेगळा आहे.

कायद्याची ही जुनी सवय आहे. नवी वस्तू आली की तिला ओळखीच्या जुन्या वस्तूचं नाव द्यायचं. आपल्याकडे शेवटची तार २०१३ च्या जुलैमध्ये गेली. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं एखाद्या जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करायचे आदेश निघत होते ते १८८५ च्या तार कायद्याच्या आधाराने! तो बदलणारा नवा दूरसंचार कायदा संसदेत मंजूर झाला २०२३ मध्ये.

तर पालघर. त्या दोघींवरचा खटला टिकला नाही. पण दिल्लीतल्या श्रेया सिंघल नावाच्या मुलीने ती बातमी वाचून थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. वय २१. आपल्याच वयाची म्हणा ना. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ६६-ए हे कलम संपूर्ण रद्द केलं. ते इतकं मोघम आहे की त्यात काहीही बसवता येईल आणि त्याने राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला येतो, हे कारण.

गोष्ट इथे संपायला हवी होती ना? नाही संपली.

तळटीप कोण वाचतं?

रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस पुढची कितीतरी वर्षं गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये हे न्यायालयासमोर आलं तेव्हा खुद्द न्यायमूर्तींनाच धक्का बसला. असं कसं झालं? तेव्हाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी न्यायालयात दिलेलं उत्तर वाचून हसावं की रडावं कळत नाही. कायद्याच्या छापील पुस्तकात ६६-ए तसंच्या तसं छापलेलं असतं. ‘हे रद्द झालं आहे’ असं फक्त खाली तळटिपेत लिहिलेलं. पोलीस अधिकारी कलम वाचतो, तळटीप वाचत नाही!

परीक्षेच्या आदल्या रात्री आपणही तळटिपा वाचत नाही, हे खरं. पण आपल्यामुळे कुणी तुरुंगात जात नाही. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने स्पष्ट आदेश दिला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका आणि असे चालू असलेले खटल्यांतले त्याचे उल्लेख काढून टाका. म्हणजे कायदा रद्द होऊन साडेसात वर्षं उलटल्यावर.

उशिरा आलेला कायदा

मग घाई नको, सावकाश सगळा विचार करून कायदा करा, असं म्हणाल. त्याचाही हिशेब मांडू.

लॉकडाउनचे दिवस आठवतात? तेव्हा झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सचं पीक आलं होतं. कागद नाही, जामीन नाही, पाच मिनिटांत पैसे. अट एकच, फोनमधले कॉन्टॅक्ट्स आणि गॅलरी उघडून द्यायची. हप्ता चुकला की त्याच गॅलरीतला फोटो मॉर्फ करून त्याच कॉन्टॅक्ट्सना पाठवला जायचा. आई, काका, प्रोफेसर, सगळ्यांना. म्हणजे माझ्या मैत्रिणीसोबत जे झालं, ते तेव्हा वसुलीची पद्धत म्हणून राजरोस चालू होतं. देशात काही जणांनी या छळापायी जीव दिला.

रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅप्सपासून सावध राहण्याचा इशारा दिला डिसेंबर २०२० मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल आला नोव्हेंबरमध्ये. दोन महिन्यांच्या पाहणीत सुमारे ११०० कर्ज अ‍ॅप्स सापडली आणि त्यातली सुमारे ६०० बेकायदा होती, असं त्यात म्हटलं होतं. प्रत्यक्ष नियम आले सप्टेंबर २०२२ मध्ये. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा व्हायला हवी, एकूण खर्च आधी स्पष्ट लिहून द्यायला हवा, ठरावीक मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडता यायला हवं, आणि अ‍ॅपला फोनमधले कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फाइल्स बघता येणार नाहीत.

नियम चांगले आहेत, नेमके आहेत, कारण ते विचार करून केलेत. पण इशाऱ्यापासून नियमापर्यंत पावणेदोन वर्षं गेली. त्या पावणेदोन वर्षांत ज्यांच्या आईला तसला फोटो गेला, त्यांना ते नियम काय कामाचे?

डेटा संरक्षणाची कथा तर याहून लांब. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ऑगस्ट २०१७ मध्ये. त्यावरचा कायदा आला ऑगस्ट २०२३ मध्ये. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत. इंजिनीअरिंगची डिग्री दोनदा होईल एवढा काळ!

आशाताईंचा आवाज आणि आपला चेहरा

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या बाजूने एक अंतरिम आदेश दिला. एआय वापरून त्यांच्या आवाजाची नक्कल तयार करणं आणि विकणं थांबवा, असा. त्याआधी २०२४ मध्ये अरिजित सिंगलाही याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं होतं. माझा आवाज, माझा चेहरा, माझी ओळख यांवर माझा हक्क आहे, हे तत्त्व न्यायालयं हळूहळू पक्कं करतायत. छानच आहे.

पण हे आदेश मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागतं, मोठा वकील लागतो, आणि मुळात तुमचं नाव ‘नाव’ असावं लागतं. सेकंड इयर बी.कॉम.च्या मुलीच्या चेहऱ्याला बाजारात किंमत नाही. तिच्या चेहऱ्याची किंमत तिच्या घरात आहे, तिच्या वर्गात आहे.

बाकी जग काय करतंय? अमेरिकेत मे २०२५ मध्ये कायदा झाला. संमतीशिवाय टाकलेले खासगी फोटो, एआयने बनवलेलेसुद्धा, तक्रार आल्यापासून ४८ तासांत काढावे लागतील. डेन्मार्कने तर प्रत्येक सामान्य माणसाला स्वतःच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर कॉपीराइटसारखा हक्क द्यायचा प्रस्ताव मांडला. आपल्या सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक मसुदा काढला. एआयने बनवलेल्या मजकुरावर ठळक लेबल हवं, ही त्यातली मुख्य कल्पना. निवडणुकीतल्या खोट्या भाषणांना त्याने आळा बसेलही. पण माझ्या मैत्रिणीच्या त्या फोटोवर ‘हे एआय आहे’ असं लिहिलेलं असतं, तर तिला रात्री झोप लागली असती?

तिच्या बाजूने बघितलं तर कायद्याने एकच प्रश्न नीट विचारायला हवा, ‘हिला विचारलं होतं का?’ हा प्रश्न नेमका आहे. त्यात ‘त्रास’, ‘गैरसोय’ असले रबरी शब्द नाहीत. शिवाय नेत्याच्या व्यंगचित्राला आणि मुलीच्या खोट्या फोटोला एकाच पिशवीत कोंबणारा नवा ६६-एही त्यातून जन्माला येणार नाही. ‘जे नको ते तासाभरात उडवा’ असा सरसकट हुकूम काढला, तर सगळ्यात आधी मीम्स आणि प्रश्न विचारणाऱ्या पोस्ट उडतील, हे पालघरने शिकवलंय.

मग फोटोचं काय झालं?

सांगते. आम्ही अ‍ॅपवर तीनदा ‘रिपोर्ट’ केलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, की यात आमच्या धोरणाचा भंग होत नाही. चौथ्यांदा वेगळं केलं. सायबर विभागातल्या मॅडमनी सुचवलं म्हणून थेट त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल केला आणि त्यात २०२१ च्या आयटी नियमांचा दाखला दिला. त्या नियमांत ‘कृत्रिमरीत्या मॉर्फ केलेले फोटो’ असे शब्द आहेत! फोटोतलं शरीर कुणाचं, हा प्रश्नच तिथे येत नाही. तुमच्या तक्रारीवरून २४ तासांत तो काढण्याची कारवाई व्हायला हवी, असं त्यात लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो गेला.

म्हणजे नियम होता. आम्हाला माहीत नव्हता, काकांना माहीत नव्हता आणि ‘रिपोर्ट’चं बटण तर त्याच्याबद्दल काही बोलतच नव्हतं. तळटीप कोण वाचतं?

अकाउंट कुणाचं होतं ते अजून कळलेलं नाही. पोर्टलवर तक्रारीचं स्टेटस ‘अंडर प्रोसेस’ आहे. ती यंदाही ट्रॅडिशनल डेला नऊवारी नेसून आली. फोटो मात्र फक्त स्वतःच्या फोनमध्ये काढले.

शेवटचं एक. २०१५ मध्ये कंपन्यांना काही वेबसाइट फुकट आणि बाकीच्या महाग अशी विभागणी करता यावी का, यावर ट्रायने लोकांची मतं मागवली होती. असल्या कंटाळवाण्या कागदाला उत्तर कोण देणार? पण देशभरातून १० लाखांहून अधिक ई-मेल गेले, आणि त्यात आपल्यासारखी कॉलेजातली मुलं-मुली खूप होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने असा दरभेद बंद केला. आजही नवा मसुदा निघाला की मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकून हरकती, सूचना मागवल्या जातात. त्यांना मुदत असते आणि ती बहुतेकदा आपल्या इंटर्नल्सच्या वेळीच संपते.

कायदा टायपिंग करतोय तोवर आपण मध्ये बोलू शकतो. एकदा ‘सेंड’ झालं की मग हायकोर्टच गाठावं लागतं.

(चौकट)
तुमच्यावर किंवा मैत्रिणीवर वेळ आली तर...

* आधी पुरावा, मग डिलीट. स्क्रीनशॉटसोबत पोस्टची लिंक, अकाउंटचं नाव, तारीख आणि वेळ जपून ठेवा. मूळ मेसेज फोनमधून उडवू नका.

* राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते. पैशांची फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा.

* ‘आमची हद्द नाही’ असं ऐकायला मिळालं तर ‘झीरो एफआयआर’ म्हणा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवण्याची तरतूद आहे.

* अ‍ॅपमधल्या ‘रिपोर्ट’वर थांबू नका. प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्याला लेखी कळवा. तुमच्या वतीने दुसरं कुणीही कळवू शकतं. उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.

* ‘स्टॉप-एनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे, १८ वर्षांपुढच्यांसाठी. तुमचा फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तोच फोटो ओळखून अडवतात.

* कर्ज घ्यायच्या आधी ते अ‍ॅप रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का ते बघा. कॉन्टॅक्ट्स मागितले तर तिथूनच मागे फिरा.

* आणि असा फोटो तुमच्याकडे आला तर? फॉरवर्ड करू नका, ‘बघ ना हे काय’ म्हणूनही नाही. ज्याचा आहे त्याला सांगा आणि त्याच्यासोबत जा.